रोज खिशात बाळगायच्या चाकूचे माप कसे ठरवावे

घडीचा चाकू विकत घेताना बहुतेक जण आधी तो उघडतात, पाते निरखतात, धारेवरून अंगठा फिरवतात आणि पात्याच्या लांबीवरून पसंती ठरवतात. रोज जवळ बाळगायच्या चाकूच्या बाबतीत ही पाहणी उलट्या टोकाने सुरू होते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. असा चाकू दिवसभर खिशात बंदच असतो आणि उघडला जातो तो फार तर पाच-दहा मिनिटे. म्हणून बंद केल्यावर तो किती लांब, किती जाड आणि किती वजनाचा आहे हे आधी ठरवावे आणि त्या मापात मावणारे पाते मग निवडावे. पाते आधी आणि खिसा नंतर असा क्रम धरला, तर चाकू कितीही उत्तम असला तरी महिन्याभरात तो आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, खुंटीला लटकतो आणि गरज पडते तेव्हा जवळ नसतो.

माझ्याकडून ही चूक झालेली आहे. आमची मोसंबीची बाग जालना जिल्ह्यात आहे. काही वर्षांपूर्वी एका यात्रेत मी दहा सेंटीमीटर पात्याचा, पितळी मुठीचा चाकू हौसेने घेतला. किराणा दुकानाच्या काट्यावर तो १९० ग्रॅम भरला. पहिल्या आठवड्यात तो चालताना मांडीवर आपटत राहिला, तिसऱ्या आठवड्यात पँटीच्या खिशाचे अस्तर फाटले आणि त्यानंतर तो आखाड्यावरच राहू लागला. पुढे एका सकाळी बांधावरच्या बाभळीला बांधलेले वासरू दाव्यात गुरफटून पडले, तेव्हा माझा खिसा रिकामा होता. शेजारच्या शेतात निंदणी करणाऱ्या मावशी विळा घेऊन धावत आल्या आणि त्यांनी दावे कापले, म्हणून वासरू वाचले. माझ्या वडिलांच्या बंडीच्या आतल्या खिशात मात्र चार बोटांत मावेल एवढा चाकू कायम असे. निसण्यावर घासून घासून त्याचे पाते बारीक झाले होते, तरी तो त्यांच्याजवळ नाही असे मी कधी पाहिले नाही. त्या चाकूचे माप नंतर मी पट्टीने मोजले. बंद असताना तो साडेआठ सेंटीमीटर भरला.

आधी आठ दिवसांची कामे लिहून काढावीत

दुकानात जाण्यापूर्वी आठ दिवस एक साधी नोंद ठेवावी. चाकू हवासा वाटला तो प्रत्येक प्रसंग, कापायची वस्तू आणि तिची जाडी एवढेच लिहावे. आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या नोंदीत बहुधा बियाण्याची पिशवी, खताच्या पोत्याची शिवण, सोयाबीनच्या कट्ट्याची सुतळी, ठिबकची १६ मिलिमीटरची नळी, कलमाला बांधलेली प्लास्टिकची पट्टी, झाडावरून उतरवलेले एखादे फळ आणि जनावराचे दावे एवढ्या गोष्टी येतात. शहरात नोकरी करणाऱ्याच्या नोंदीत कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी, औषधाचे वेष्टन, डब्यातले फळ आणि निसटलेला शिवणीचा धागा येतो. या दोन्ही याद्यांमध्ये सात सेंटीमीटरपेक्षा लांब पात्याची खरी गरज असलेले काम शोधूनही सापडत नाही, हे नोंद समोर ठेवली की लगेच दिसते.

पिशवी आणि चिकटपट्टीसाठी पात्याचे पहिले दोन-तीन सेंटीमीटर पुरतात. ठिबकची नळी चार-पाच सेंटीमीटर धारेत स्वच्छ कापली जाते. गोल फळाचा हिशेब थोडा निराळा आहे आणि नेमका तिथेच अनेकांचा गैरसमज होतो. मोसंबी सात सेंटीमीटर व्यासाची असेल, तर ती चिरायला नऊ सेंटीमीटरचे पाते लागेल असे वाटते. परंतु फळ हातात फिरवत सभोवार काप घेतला, तर पाते फळाच्या त्रिज्येपेक्षा थोडे जास्त असले तरी काम होते, म्हणजे पाच-साडेपाच सेंटीमीटर पुरतात. केशर आंबा तर कोयीभोवतीच कापायचा असतो, त्यामुळे तिथेही सहा-सात सेंटीमीटरचे पाते कमी पडत नाही. दाव्यासारखा जाड दोर कापताना मात्र धारेची लांबी उपयोगी पडते, कारण दोर एका दाबात तुटत नाही आणि त्यावरून धार ओढावी लागते. ओढ पुरेशी मिळावी म्हणून सहा सेंटीमीटरच्या खाली जाऊ नये, असे मी सुचवेन. याच प्रसंगात फार लांब पाते घातकही ठरते. घाबरलेले जनावर मान झटकते, आणि मानेजवळ दहा सेंटीमीटरचे टोकदार पाते असेल तर दाव्याऐवजी कातडी कापली जाण्याचा धोका असतो. ज्यांच्याकडे गुरे आहेत त्यांनी आखूड आणि शक्य असेल तर टोक बोथट किंवा खाली वळलेले पाते घ्यावे.

कलिंगडाचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. कलिंगड खिशातल्या चाकूने नीट चिरता येत नाही, हे खरे आहे. पण कलिंगड आपण उन्हाळ्यात, बहुधा घरी किंवा आखाड्यावर चार माणसे बसली असताना चिरतो, आणि तिथे स्वयंपाकाची सुरी ठेवता येते. वर्षातल्या थोड्या प्रसंगांसाठी उरलेले सगळे दिवस जड चाकू वाहून नेणे योग्य नाही. तसेच मोसंबीचे डोळे भरण्याचे, म्हणजे खुंटाच्या रोपावर चांगल्या झाडाचा डोळा बसवून कलम करण्याचे, काम रोजच्या चाकूने करू नये. त्यासाठी आखूड, अतिशय धारदार आणि स्वच्छ असा कलमाचा चाकू वेगळाच ठेवावा, कारण पोत्याची शिवण कापलेल्या पात्याने खुंटाच्या सालीत काप घेतला तर काप फाटका येतो आणि डोळा धरत नाही. ही दोन कामे यादीतून वजा केली की मापाचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

तळहाताचे माप

मूठ किती लांब हवी, हे आपला तळहात सांगतो. चार बोटे एकमेकांना चिकटवून पट्टीवर ठेवावीत आणि पेरांच्या मुळाशी, म्हणजे तळहात सुरू होतो तिथे, रुंदी मोजावी. प्रौढ पुरुषाच्या हाताची ही रुंदी साधारणपणे आठ ते नऊ सेंटीमीटर असते आणि स्त्रियांच्या हाताची सात ते आठ. जोर लावून कापायचे असेल तर चारही बोटे मुठीवर बसायला हवीत, म्हणून मुठीची लांबी या रुंदीइतकी किंवा तिच्यापेक्षा अर्धा ते एक सेंटीमीटर जास्त असावी. घडीच्या चाकूत पाते मुठीतच मिटते, त्यामुळे ते मुठीपेक्षा लांब असूच शकत नाही. बहुतेक चाकूंत ते मुठीपेक्षा दीड ते अडीच सेंटीमीटरने आखूड असते. म्हणजे साडेआठ सेंटीमीटर रुंदीच्या हाताला नऊ सेंटीमीटरची मूठ घेतली, तर पाते आपोआपच साडेसहा-सात सेंटीमीटरचे येते, आणि वर काढलेल्या कामांच्या यादीला तेवढेच हवे असते. हात आणि काम या दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी येते, ही गोष्ट मला फार समाधान देणारी वाटते.

तीन बोटांत मावणारी मूठही वाईट नाही, पण तिची मर्यादा ओळखून ती घ्यावी. अशा चाकूने फळ सोलता येते, पिशवी फोडता येते आणि धागा तोडता येतो. जाड दोर किंवा वाळलेली काडी कापताना मात्र करंगळीला आधार मिळत नाही, मनगट वळते आणि चाकू हातातल्या हातात फिरतो. पावसाळ्यात ही अडचण वाढते. आपली काळी माती चिकट असते. चिखलाच्या हातात लहान, गुळगुळीत मूठ ठरत नाही आणि पाते उघडण्यासाठी त्यावर जी नखाची खाच असते तिच्यात नख बसत नाही. शेतात वापरायचा चाकू निवडताना हात ओला करून तो उघडून पाहण्याची मागणी दुकानदाराकडे निःसंकोच करावी. ज्यांची बोटे वयामुळे किंवा सांधेदुखीमुळे आखडली आहेत, त्यांच्यासाठी हीच परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. फार लहान चाकूची खाचही लहान असते, आणि त्यांना एक माप मोठे घेतल्याने जो आराम मिळतो तो दहा-वीस ग्रॅम जास्त वजनापेक्षा मोलाचा असतो.

खिसा आणि बसण्याची रीत

चाकू आरामदायक आहे की नाही, याची परीक्षा उभे राहून होत नाही. आपल्याकडे माणूस दिवसभरात उकिडवा बसतो, मांडी घालून बसतो, मोटारसायकल चालवतो आणि वाकून काम करतो. पँटीच्या पुढच्या खिशातली लांब वस्तू यापैकी प्रत्येक वेळी जांघेच्या घडीत येऊन टोचते. माझ्या अनुभवात बंद चाकू दहा सेंटीमीटरच्या पुढे गेला की टोचणी सुरू होते आणि अकरा सेंटीमीटरला मोटारसायकलवर ती सतत जाणवते. ज्यांची उंची अधिक आणि खिसे खोल आहेत त्यांना एखादा सेंटीमीटर सवलत मिळते. त्याच खिशात मोबाइल ठेवण्याची सवय असेल तर चाकूसाठी दुसरा खिसा ठरवावा, कारण दोन्ही वस्तू एकमेकींवर घासून काच खराब होते आणि घाईत हात नेमका चुकीच्या वस्तूवर पडतो.

बंडीचा आतला खिसा या कामासाठी उत्तम आहे. तो छातीशी असल्याने उकिडवे बसताना आड येत नाही, खोल असल्याने वस्तू निसटत नाही आणि त्यात अकरा सेंटीमीटरपर्यंतचा चाकूही निमूट बसतो. नेहरू शर्टाच्या बाजूच्या खिशात लांबी चालते, पण वजन चालत नाही. जड चाकूने तो खिसा एका बाजूला ओघळतो आणि चालताना मांडीवर आपटतो. साध्या शर्टाच्या वरच्या खिशात चाकू कधीही ठेवू नये. विहिरीवर किंवा हौदावर वाकले की तो सरळ पाण्यात जातो, आणि आमच्या गावातल्या विहिरींच्या तळाशी असे किती चाकू, पेन आणि चष्मे पडले असतील याची मोजदाद नाही. जीन्सच्या पुढच्या खिशावर जो छोटा खिसा शिवलेला असतो, त्यात सहा-साडेसहा सेंटीमीटरचा लहान चाकू नेमका बसतो.

साडीला खिसा नसतो, म्हणून स्त्रियांच्या बाबतीत निवड वेगळ्या अंगाने करावी लागते. कंबरेच्या बटव्यात किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात राहील असा सहा सेंटीमीटरच्या आसपासचा चाकू घरच्या आणि प्रवासातल्या कामांना पुरतो. शेतात काम असेल तर बहुतेकींच्या हाती विळा असतोच, त्यामुळे त्याच कामासाठी मोठा चाकू घेण्याचे कारण उरत नाही. परंतु ज्या स्वतः बाग पाहतात, ठिबकच्या नळ्या जोडतात किंवा रोपवाटिका चालवतात, त्यांनी हाताच्या रुंदीनुसार आठ-साडेआठ सेंटीमीटरची मूठ घ्यावी आणि ती कामाच्या कोटाच्या खिशात ठेवावी. मापात लहान म्हणजे बायकांचा आणि मोठा म्हणजे पुरुषांचा, अशी जी विभागणी दुकानांत केली जाते ती निराधार आहे; हात आणि काम पाहूनच माप ठरवावे.

जाडी आणि वजन

लांबीची चर्चा सगळे करतात, पण खिशातला त्रास अनेकदा जाडीचा असतो. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे चाकू या बाबतीत चांगला दाखला देतात, कारण त्यांची मापे ठरलेली आणि सर्वत्र छापलेली असतात. त्यांच्या ९१ मिलिमीटर लांबीच्या मालिकेत स्पार्टन हा साधा नमुना सुमारे १५ मिलिमीटर जाड आणि साधारण ६० ग्रॅमचा आहे. त्यात कात्री वाढवली की क्लाइंबर होतो, त्याची जाडी १८ मिलिमीटर आणि वजन ८० ग्रॅमच्या थोडे वर जाते. करवतही वाढवली की हंट्समन होतो, तो २१ मिलिमीटर जाड आणि शंभर ग्रॅमच्या जवळ पोहोचतो. त्याच लांबीच्या स्विसचॅम्पची जाडी ३३ मिलिमीटर आणि वजन १८५ ग्रॅम आहे. चारही चाकूंची लांबी तीच आहे, पाते तेच आहे, पण पहिला खिशात विसरला जातो आणि शेवटचा दिवसभर आपल्या अस्तित्वाची आठवण देत राहतो. अवजारे वाढवण्याचा मोह आवरणे, हा मापाच्या निवडीतला मोठा भाग आहे. कात्रीचा उपयोग घरात आणि बागेत खरोखर होतो, म्हणून तिच्यासाठी तीन मिलिमीटर खर्च करावेत. पक्कड, भिंग आणि नाना प्रकारचे पेचकस यांच्यासाठी करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

साध्या पँटीच्या खिशासाठी १८ मिलिमीटर जाडी आणि ८० ते ८५ ग्रॅम वजन ही वरची मर्यादा धरावी. पातळ लेंग्यासाठी किंवा सुती पायजम्यासाठी वजन ६० ग्रॅमच्या आत ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे परभणी-नांदेडपासून बीड-जालन्यापर्यंत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि कपडे पातळ होतात. हिवाळ्यात जाड कापडाच्या खिशात जो चाकू सुखाने राहतो तोच उन्हाळ्यात ओढ देऊ लागतो. म्हणून शक्य असेल तर चाकूची चाचणी उन्हाळी कपड्यांतच घ्यावी.

विकत घेण्याआधी घरच्या घरी चाचणी

यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. तुरीची वाळलेली काडी घ्यावी आणि तिचे साडेआठ, नऊ, दहा आणि अकरा सेंटीमीटरचे चार तुकडे करावेत. तुराटी हलकी असते, म्हणून वजनाची नक्कल नाण्यांनी करावी. दहा रुपयांचे नाणे साधारण ७.७ ग्रॅमचे असते. आठ नाणी म्हणजे सुमारे ६० ग्रॅम, अकरा नाणी म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम. ही नाणी चिकटपट्टीने घट्ट बांधून, ठरवलेल्या लांबीच्या काडीसह एका चिंधीत गुंडाळावीत आणि ती पुरचुंडी दोन दिवस नेहमीच्या खिशात ठेवावी. दोन दिवसांनी काडी बदलावी. ज्या लांबीला आपला हात नकळत खिशाकडे जाऊन पुरचुंडी सरकवू लागतो, ती लांबी आपल्याला नको. तिच्या आधीचे माप आपले. मी हा प्रयोग माझ्या पुतण्याला करायला लावला तेव्हा अकरा सेंटीमीटरचा आग्रह धरणारा तो तिसऱ्या दिवशी स्वतःहून नऊवर आला.

त्याच नाण्याचा दुकानातही उपयोग होतो. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. तीन नाणी एकापुढे एक ठेवली तर ८१ मिलिमीटर होतात आणि साडेतीन नाण्यांइतकी लांबी सुमारे ९५ मिलिमीटर भरते. बंद चाकू तीन नाण्यांहून लांब आणि साडेतीन नाण्यांहून आखूड असेल, तर बहुतेक हातांना आणि बहुतेक खिशांना तो जुळतो. पट्टी जवळ नसताना हा अंदाज मला अनेकदा कामी आला आहे.

आठवडी बाजारात किंवा यात्रेत चाकू घेताना मापाच्या भाषेचा घोळ होतो, तो टाळावा. ‘चार इंची’ म्हटले तर कोणी पात्याची लांबी सांगत असतो, कोणी बंद चाकूची. चार इंच म्हणजे दहा सेंटीमीटरहून थोडे जास्त. पाते चार इंची असेल तर मूठ बारा सेंटीमीटरच्या आसपास जाईल आणि ती खिशाच्या दृष्टीने अवजड होईल, तर बंद चाकू चार इंची असेल तर तो काठावरचा का होईना, पण चालण्यासारखा आहे. ऑनलाइन मागवताना छायाचित्रावर मुळीच विसंबू नये, कारण त्यात चाकू नेहमी पडद्याच्या मापाचाच दिसतो. बंद लांबी, जाडी आणि वजन हे तीन आकडे वर्णनात शोधावेत. जिथे ते दिलेलेच नाहीत तिथून खरेदी करू नये.

फ्रान्सच्या साव्हा प्रांतातल्या ओपिनेल या लाकडी मुठीच्या चाकूंना क्रमांक असतात आणि क्रमांक वाढेल तसे माप वाढते. त्यांचा ८ क्रमांक सर्वांत जास्त ओळखीचा. त्याचे पाते साडेआठ सेंटीमीटर आणि मूठ सुमारे अकरा सेंटीमीटर असते. वजनाला तो अतिशय हलका आहे, त्यामुळे बंडीच्या खिशात तो छान राहतो, पण पँटीच्या खिशात त्याची लांबी जाणवते. पँट घालणाऱ्याने ६ क्रमांक पाहावा, त्याचे पाते सात सेंटीमीटरचे असते. या चाकूला पाते अडकवून ठेवणारी फिरती कडी असते. साध्या, लॉक नसलेल्या चाकूत पाते केवळ पाठीच्या पट्टीच्या ताणावर उभे राहते आणि टोकाने भोक पाडायला गेलो तर ते बोटांवर मिटू शकते. ठिबकच्या नळीला किंवा पोत्याला टोचून भोक पाडण्याचे काम ज्यांना वारंवार पडते, त्यांनी लॉक असलेलाच चाकू घ्यावा, मग माप कितीही लहान असो. लहान चाकू कमी धोक्याचा असतो ही समजूत चुकीची आहे. लहान मुठीत बोटे पात्याच्या वाटेत अधिक येतात.

कायदा आणि तपासणी

मापाचा संबंध कायद्याशीही आहे. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत धारदार शस्त्रांचा जो वर्ग आहे, त्यात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. आपण ज्या सहा-सात सेंटीमीटरच्या पात्याबद्दल बोलत आहोत ते तीन इंचांच्या आतले आहे. तरीही माप लहान म्हणून तो कुठेही नेता येतो असे समजू नये. सण, निवडणुका, मोर्चे अशा काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. त्या आदेशात सुऱ्या, काठ्या आणि इजा करता येईल अशा इतर वस्तू बाळगण्यास बंदी असते आणि तिथे पात्याच्या इंचांचा प्रश्नच येत नाही. वर्तमानपत्रात असा आदेश दिसला की त्या दिवसांत चाकू घरी किंवा शेतावरच ठेवावा. चिकलठाणा विमानतळावरून जाणाऱ्यांनी तो हातातल्या पिशवीत न ठेवता सामान कक्षात जाणाऱ्या बॅगेत घालावा. न्यायालयात, शाळेत आणि मोठ्या देवस्थानांच्या गर्दीत तो नेऊच नये.

खटक्याने किंवा बटणाने झटकन उघडणारा चाकू घेऊ नये. असा चाकू पाहिला की लोक बिचकतात आणि पोलिसांना शंका येते, आणि फळ चिरायला किंवा पोते उघडायला त्या झटक्याचा काडीचाही उपयोग नाही. कंबरेच्या पट्ट्याला म्यानात अडकवलेल्या मोठ्या चाकूबद्दलही माझे हेच मत आहे. चार माणसांत बसून पेरू चिरताना ज्याचा कोणाला संकोच वाटत नाही, एवढ्याच मापाचा चाकू रोजच्या सोबतीला बरा. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात कृपाण दिसतात. ती शीख बांधवांच्या श्रद्धेची वस्तू आहे आणि तिचा या निवडीशी संबंध जोडू नये.

पहिला महिना

चाकू घेतल्यावर महिनाभर पुन्हा थोडी नोंद ठेवावी. या वेळी दोनच गोष्टी लिहाव्यात: चाकू घरी राहिला ते दिवस, आणि चाकू जवळ असूनही अपुरा पडला ते प्रसंग. घरी राहिलेले दिवस जास्त भरले तर माप एक पायरी खाली आणावे, आणि आधीचा चाकू आखाड्यावर फळे चिरायला ठेवून द्यावा. अपुरा पडल्याचे प्रसंग जास्त भरले तर आधी धार तपासावी, कारण बोथट पाते नेहमीच आखूड वाटते. निसण्यावर दोन्ही बाजूंनी सारखी धार लावून पुन्हा आठ दिवस पाहावे आणि त्यानंतरही अडले तरच मोठ्या मापाकडे जावे. चिकूचा चीक किंवा मोसंबीचा रस लागलेले पाते पुसून, सांध्यात खोबरेल तेलाऐवजी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल तेल थंडीत थिजते, सांधा जड होतो आणि चांगल्या मापाचा चाकूही उघडायला त्रासदायक वाटू लागतो. दोन मापांत अजूनही मन ठरत नसेल, तर पँट वापरणाऱ्याने लहान माप घ्यावे आणि बंडी वापरणाऱ्याने मोठे.